डोक्याला मुका मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला. तरीही गरगरतंय का? कन्कशन म्हणजे काय आणि त्यातून बरं कसं व्हायचं?

मुंबई-बंगळुरू महामार्ग पुण्यातल्या वारज्यातून जातो. चांदणी चौकाकडून वारजेमार्गे वडगाव आणि नवले पुलाकडे जाणाऱ्या या पट्ट्यातले मोठे अपघात लगेच बातम्यांत येतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले होते.

पण याच रस्त्यावर रोज अशी पडझड होते, जिची बातमी होत नाही. सर्व्हिस रोडवरच्या खडीवरून दुचाकी घसरते. वळणावर रिक्षाचा धक्का लागतो. गाडीवर मागे एका बाजूला बसलेल्या बाईची ओढणी चाकात अडकते. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो आणि "काही नाही, ठीक आहे" म्हणून निघून जातो. कुणी दवाखान्यात नेलंच, तर सीटी स्कॅन होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

दुसऱ्या दिवसापासून मात्र डोकं जड राहतं. मोबाईलकडे बघितलं की मळमळतं. कुकरची शिट्टी सहन होत नाही. साधा हिशेब चुकतो. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग याला झालंय काय?" असं घरात आणि ऑफिसात विचारलं जाऊ लागतं.

या अवस्थेला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. आपल्याकडे ज्याला 'डोक्याला मुका मार लागला' म्हणतात, त्याचा हा एक प्रकार. तो स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही, पण त्याचा त्रास खरा असतो. बहुतेक लोक त्यातून पूर्ण बरे होतात. मात्र पहिल्या काही दिवसांत काय केलं आणि काय टाळलं, याचा त्यावर बराच परिणाम होतो.

कन्कशन म्हणजे नेमकं काय?

आपला मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. कवटीच्या आत तो एका द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं किंवा झटक्याने पुढे-मागे हललं, की कवटी थांबते पण आतला मेंदू क्षणभर हलत, पिळवटत राहतो. म्हणजे कन्कशन होण्यासाठी डोकं आपटलंच पाहिजे असंही नाही. मागून गाडीची धडक बसून मानेला जोराचा हिसका बसला, तरी ते होऊ शकतं.

या हादऱ्याने मेंदूच्या पेशींमधल्या रसायनांचा तोल बिघडतो. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हे सगळं पुन्हा जागेवर आणायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही स्थिती असते.

वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालतं तसंच हे आहे. दिवा आणि पंखा चालतो, पण कुणी मिक्सर लावला की सगळं बंद पडतं. कन्कशन झालेला माणूस चालतो, बोलतो, जेवतो. पण तासभर एक्सेल शीटवर काम केलं किंवा गर्दीच्या लग्नात जाऊन आला, की त्याचं डोकं ठणकायला लागतं. तो नाटक करत नसतो. त्याच्या मेंदूला तेवढा भार पेलवत नसतो.

कन्कशन म्हणजे बेशुद्ध पडणं, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कन्कशन झालेले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत. काही जण क्षणभर सुन्न होतात, काहींना अपघाताच्या आधीची किंवा नंतरची काही मिनिटं आठवत नाहीत, तर काहींना त्या क्षणी काहीच जाणवत नाही.

मग स्कॅनमध्ये का दिसत नाही?

सीटी स्कॅन मुख्यतः दोन गोष्टी शोधण्यासाठी असतो. कवटीचं हाड मोडलंय का आणि मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झालाय का. या दोन्ही जिवावर बेतणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं.

कन्कशनमध्ये बिघाड असतो तो पेशींच्या कामात. तो एवढा सूक्ष्म असतो की सीटीत दिसत नाही आणि नेहमीच्या एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाही. त्यामुळे 'सीटी नॉर्मल' याचा अर्थ 'मोठा रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसलं नाही' एवढाच घ्यायचा. 'डोक्याला काहीच झालेलं नाही' असा तो घेऊ नये. कन्कशनचं निदान डॉक्टर लक्षणं विचारून, स्मरणशक्ती, तोल, डोळ्यांची हालचाल आणि मान तपासून करतात.

डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला सीटी स्कॅन लागतोच असंही नाही. कुणाला तो करायचा हे ठरवण्यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये काही निकष मांडले. ते आज अनेक देशांत वापरले जातात. बेशुद्धी, विस्मरण किंवा गोंधळ झालेल्या रुग्णाचं वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, दोन किंवा अधिक उलट्या झाल्या असतील, दोन तासांनंतरही तो पूर्ण शुद्धीवर नसेल किंवा कवटी फुटल्याची शंका असेल, तर सीटी करावा असं हे निकष सांगतात. पायी चालताना वाहनाने उडवलं असेल किंवा पाचपेक्षा जास्त पायऱ्यांवरून पडणं झालं असेल, तरीही सीटीचा विचार होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्यांना हे निकष लागू होत नाहीत. त्यांच्या बाबतीत डॉक्टर जास्तच सावध असतात.

गहुंजेच्या मैदानावर काय घडलं होतं?

कन्कशनची लक्षणं उशिरा कशी दिसू शकतात, याचं एक उदाहरण पुण्यातच घडलं आणि ते लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिलं.

३१ जानेवारी २०२५. गहुंजे इथल्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात चौथा टी-२० सामना सुरू होता. भारताच्या डावातल्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तिथेच त्याची तपासणी झाली आणि डाव संपेपर्यंत तो मैदानात राहिला. मात्र दोन डावांच्या मधल्या वेळेत त्याला डोकेदुखीची सौम्य लक्षणं जाणवू लागल्याचं भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक मॉर्ने मॉर्केल यांनी सामन्यानंतर सांगितलं. दुबेच्या जागी 'कन्कशन सब्स्टिट्यूट' म्हणून हर्षित राणा उतरला आणि त्याने तीन बळी घेतले.

त्यानंतर वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. फलंदाजी अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, असा आक्षेप इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलरने घेतला. सोशल मीडियावरही त्यावरच चर्चा झडली. त्या गदारोळात आरोग्याचा मुद्दा मागे पडला. चेंडू लागल्यावर ठीक वाटणं आणि त्रास नंतर सुरू होणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. काहींना लक्षणं जाणवायला काही तास, तर काहींना एक-दोन दिवसही लागतात.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला. २०२५ मध्ये आयसीसीने आणखी एक पाऊल उचललं. कन्कशनचं निदान झालेल्या खेळाडूला आता किमान सात दिवस खेळता येत नाही. संघासोबत डॉक्टर, फिजिओ आणि उत्तम हेल्मेट असणाऱ्या खेळाडूला सक्तीने सात दिवस थांबवलं जातं. वारज्यातून हिंजवडीला दुचाकीवर जाणारा नोकरदार किंवा दिवसभर पार्सल पोहोचवणारा डिलिव्हरी बॉय मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी गाडीला किक मारतो.

लक्षणं कोणती?

कन्कशनची लक्षणं चार प्रकारची असतात.

- शारीरिक: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, तोल जाणं, अंधुक दिसणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, प्रचंड थकवा.
- विचारांशी संबंधित: लक्ष न लागणं, विसरायला होणं, शब्द न आठवणं, 'डोक्यात धुकं भरल्यासारखं' वाटणं.
- भावनिक: चिडचिड, रडू येणं, उगाच धडधड आणि भीती.
- झोपेची: खूप झोप येणं किंवा झोपच न लागणं.

एकाच माणसाला ही सगळी लक्षणं होत नाहीत. यातल्या भावनिक लक्षणांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एरवी शांत असणारा माणूस अपघातानंतर घरच्यांवर खेकसायला लागला, तर तोही त्या माराचाच भाग असू शकतो.

आपल्याकडे आणखी एक जुना समज आहे: "टेंगूळ आलं ना, मग बरं झालं. मार बाहेर आला, आत गेला नाही." टेंगूळ म्हणजे कवटीवरच्या त्वचेखाली साचलेलं रक्त किंवा सूज. आत मेंदूला काय झालंय, हे टेंगळावरून कळत नाही. टेंगूळ असूनही कन्कशन असू शकतं आणि टेंगूळ नसलं तरीही.

ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका

डोक्याला मार लागल्यानंतर पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली, तर थेट आपत्कालीन विभागात जा:

- वारंवार उलट्या होणं
- डोकेदुखी वाढतच जाणं
- फिट किंवा झटका येणं
- हात-पाय लुळे पडणं, बधिर होणं किंवा बोलणं अडखळणं
- एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणं
- माणसं न ओळखणं, गोंधळ किंवा बडबड वाढत जाणं
- उठवूनही नीट जाग न येणं
- मानेत तीव्र वेदना

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मोफत आहे. बेशुद्ध माणसाला ओढून बसवू नका, पाणी पाजू नका आणि मानेला हिसका बसेल असं उचलू नका. पुण्यात सरकारी रुग्णालयांपैकी ससूनमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. मात्र गंभीर लक्षणं असतील, तर आधी जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पोहोचणं महत्त्वाचं.

"पोलिसांचं लचांड मागे लागेल" म्हणून अनेक जण जखमीला हात लावत नाहीत. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

पैशाचं काय, हा पुढचा प्रश्न. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू केली. वाहन अपघातातल्या जखमीवर नियुक्त रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेतून होऊ शकतात. रुग्णालयात पोहोचल्यावर या योजनेबद्दल आवर्जून विचारा.

घरात ज्येष्ठ असतील तर जास्त सावध राहा

डोक्याला मार लागायला रस्ताच लागतो असं नाही. बाथरूममध्ये पाय घसरणं, जिन्यावरून पडणं, दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावरून तोल जाणं, हेही तितकंच गंभीर ठरू शकतं. विशेषतः ज्येष्ठांसाठी.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो. त्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटू शकतात. मग रक्त हळूहळू, कधी कधी काही आठवडे साचत राहतं. पडण्याचा प्रसंग सगळे विसरून गेलेले असतात आणि अचानक आजोबांची चाल डगमगते, ते नावं विसरतात, दिवसभर झोपून राहतात. "वय झालं आता" म्हणून ते सोडून दिलं जातं. वास्तविक हा मेंदूवर साचलेल्या रक्ताचा दाब असू शकतो. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने ते रक्त काढता येतं आणि माणूस बरा होऊ शकतो.

हृदयविकार किंवा पक्षाघातामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त असतो. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कोणत्या गोळ्या सुरू आहेत ते सांगा. मात्र स्वतःच्या मनाने त्या गोळ्या बंद करू नका.

पहिले ४८ तास: काय करायचं, काय टाळायचं?

पूर्वी कन्कशन झालेल्याला अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहायला सांगायचे. आता हा सल्ला बदलला आहे. अमेरिकेत ११ ते २२ वयोगटातल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षणं नोंदवल्याचं त्यात आढळलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही खेळाडूंसाठी २४ ते ४८ तासांची 'सापेक्ष विश्रांती' सुचवली. म्हणजे घरातली हलकी कामं आणि थोडं चालणं चालेल, पण डोक्याला किंवा शरीराला ताण नको.

झोप: "डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका" हा सल्ला अजूनही दिला जातो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल, तर रुग्णाला झोपू द्यावं. मेंदूला झोपेची गरज असते. मात्र पहिले २४ तास घरात कुणीतरी सोबत हवं. डॉक्टरांनी रात्री मधूनच उठवून बघायला सांगितलं असेल, तर तसं करावं.

मोबाईल: हा मुद्दा तुम्हाला आवडणार नाही, पण त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयोगटातल्या १२५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला पहिले ४८ तास स्क्रीन बघू नका असं सांगितलं, दुसऱ्याला मोकळीक दिली. स्क्रीन टाळणाऱ्या गटाची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत गेली. दुसऱ्या गटाला आठ दिवस लागले. दोन दिवस रील्स, गेम आणि वेब सिरीज बाजूला ठेवण्याचा हा फायदा आहे. फोन लागलाच, तर बोलण्यापुरता वापरा.

औषधं: डोकेदुखीसाठी सहसा पॅरासिटामॉल सुचवलं जातं. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन सुरुवातीला मनाने घेऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर त्या गोळ्या तो वाढवू शकतात. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण गोळीची गुंगी कोणती आणि धोक्याची गुंगी कोणती, हे घरच्यांना ओळखता येणार नाही.

दारू: बरं होईपर्यंत पूर्ण बंद.

आवाज आणि गर्दी: ढोल-ताशा, डीजे, मॉल, लग्नकार्य टाळा. घरात मिक्सर आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी ठेवला, तरी रुग्णाला मोठा फरक पडतो.

कामावर आणि गाडीवर परत कधी?

दोन दिवसांनंतर हळूहळू हालचाल वाढवायची. प्रत्येक टप्प्याला साधारण एक दिवस द्यायचा आणि त्रास वाढला तर एक टप्पा मागे यायचं.

१. घरातली हलकी कामं, १०-१५ मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं.
२. थोडं वाचन, २०-३० मिनिटं स्क्रीन आणि मग विश्रांती. शक्य असेल तर घरून अर्धा दिवस काम.
३. भराभर चालणं, थोडा जास्त वेळ काम.
४. पूर्ण दिवस काम, पण मधे मधे विश्रांती घेऊन.
५. जड उचलणं, व्यायामशाळा, सिंहगडची चढाई. ज्यात पुन्हा डोक्याला मार लागू शकतो असे खेळ, उदाहरणार्थ टर्फवरचं क्रिकेट, फुटबॉल किंवा कबड्डी, सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

प्रमाण कसं ओळखायचं? काम सुरू करण्याआधी त्रासाला १० पैकी गुण द्या. काम करताना ते एक-दोन गुणांनी वाढले आणि तासाभरात खाली आले, तर हरकत नाही. त्याहून जास्त वाढले, तर त्या दिवसापुरतं थांबा.

घरकाम हेही कामच आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. ऑफिसला जाणाऱ्याला सुट्टी मिळते, पण घरातली बाई पडली तर दुसऱ्या दिवशी तिचीच पोळ्यांची कणीक आणि मुलांचे डबे सुरू असतात. वाकून फरशी पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलणं, गॅससमोर तासभर उभं राहणं, हे सगळं कन्कशनमध्ये त्रास वाढवू शकतं. पहिला आठवडाभर ही कामं घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत.

नोकरी करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून 'हलकं काम, मधे विश्रांती' असं लेखी घ्यावं. बांधकामावर किंवा उंचीवर काम करणाऱ्यांनी आणि यंत्र चालवणाऱ्यांनी गरगरणं पूर्ण थांबल्याशिवाय कामावर जाऊ नये.

गाडीच्या बाबतीत जास्त काटेकोर राहावं लागतं. कन्कशनमध्ये प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ वाढतो. समोरच्या ट्रकने ब्रेक मारल्याचं दिसणं आणि आपला हात ब्रेकवर जाणं, यातलं अंतर लांबतं. महामार्गाच्या उतारावर हा क्षणाचा उशीर महागात पडू शकतो. किमान पहिले दोन दिवस गाडी नकोच. त्यानंतरही गरगरणं, अंधुक दिसणं किंवा गुंगी असेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत चावी बाजूला ठेवा. दिवसाच्या कमाईवर घर चालणाऱ्यांसाठी हे अवघड आहे. पण पहिला मार बरा होण्याआधी डोक्याला दुसरा मार लागला, तर त्रास जास्त गंभीर होतो आणि बरं व्हायला आणखी वेळ लागतो. क्वचित प्रसंगी मेंदूला जीवघेणी सूजही येऊ शकते.

महिना झाला, तरी बरं वाटत नाही?

बहुतेक प्रौढ काही दिवसांत ते काही आठवड्यांत बरे होतात. काहींचा त्रास मात्र चार आठवड्यांपेक्षा जास्त लांबतो. आधीपासून अर्धशिशी, नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेल्यांमध्ये आणि पूर्वी कन्कशन झालेल्यांमध्ये ही शक्यता जास्त असते.

अशा वेळी 'आता असंच राहणार' असं समजू नका. कारण त्रासामागे वेगवेगळी आणि बरी होण्यासारखी कारणं असू शकतात.

कुशीवर वळल्यावर किंवा वर बघितल्यावर काही सेकंद घर फिरल्यासारखं होत असेल, तर कानातले बारीक खडे जागेवरून हललेले असू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते जागेवर आणतात. अनेकांना एक-दोन वेळातच आराम पडतो.

डोकेदुखी मानेपासून सुरू होऊन वर चढत असेल, तर अपघातात दुखावलेली मान त्याचं कारण असू शकते. त्यावर मानेची फिजिओथेरपी उपयोगी पडते. रोज उठून वेदनाशामक गोळी घेतल्यानेही डोकेदुखी टिकून राहते. आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला भेटा.

मन खचलं असेल, झोप उडाली असेल किंवा पुन्हा गाडीवर बसायची भीती वाटत असेल, तर त्यावरही उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

हेल्मेटमुळे कन्कशन टळतं का?

हेल्मेटचा विषय निघाला की पुण्यात वाद ठरलेला. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेट न घालणाऱ्यांवर कारवाई कडक केली, तेव्हा शहरात तिला मोठा विरोध झाला. "शहरातल्या वेगात हेल्मेट कशाला?" हा त्यातला एक लाडका युक्तिवाद.

जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने २००८ मध्ये याबाबत निष्कर्ष मांडले. हेल्मेटमुळे मोटरसायकलस्वारांच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात म्हटलं आहे.

तरीही हेल्मेट घातलेल्याला कन्कशन होऊ शकतं. हेल्मेट कवटी वाचवतं, धक्क्याचा जोर कमी करतं, पण कवटीच्या आत मेंदूचं हलणं पूर्ण थांबवू शकत नाही. शिवम दुबेनेही हेल्मेट घातलेलंच होतं. म्हणून "हेल्मेट होतं, मग काही झालं नसेल" असं गृहीत धरू नका.

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आहे का ते पाहा. पट्टा लावल्याशिवाय हेल्मेटचा उपयोग नाही, कारण पडताना ते आधीच उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. वरून धड दिसलं, तरी आतला थर दबलेला असू शकतो. कायद्याने चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सीटी नॉर्मल असला तरी कन्कशन असू शकतं.
- लक्षणं काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही सुरू होतात.
- पहिले २४ तास सोबत कुणीतरी हवं. धोक्याची लक्षणं दिसली की १०८.
- दोन दिवस विश्रांती, स्क्रीन शक्यतो बंद. मग हळूहळू हालचाल.
- गरगरणं थांबेपर्यंत गाडी नाही.
- चार आठवड्यांनंतरही त्रास असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. डोक्याला मार लागल्यास डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.)